बिनकुलपाचा आवाज

२ सप्टेंबर, मंगळवार

डायरी लिहायला मला डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, बायकोने सांगितलंय. म्हणजे टाळायची सोय नाही. "माझ्याशी बोलत नाहीस, अण्णांशी बोलत नाहीस, निदान वहीशी तरी बोल," असं म्हणून तिने टूथपेस्टच्या कंपनीने फुकट वाटलेली वही हातात दिली. ती दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. बंद तोंडं उघडायची तिला सवय आहे. वहीच्या प्रत्येक पानावर कोपऱ्यात एक हसणारा दात आहे.

तर दाताला साक्षी ठेवून लिहितो. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, घसा गेले आठ महिने बसलाय. आज सर्जनने सांगितलं की गाठ स्वरयंत्रात आहे आणि स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. तारीख २४. जीव राहील, आवाज जाईल. अण्णांनी घाऊक भाजीबाजारात बेचाळीस वर्षं लिलाव पुकारलेत. भोंगा न घेता. ते कोबीच्या ढिगाशेजारी उभे राहून बोलले की चौथ्या गल्लीतल्या बटाटेवाल्याला भाव कळायचा.

"काही शंका?" सर्जनने विचारलं.

"भाव पक्का दिसतोय," अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "घासाघीस चालते का?"

सर्जन हसला नाही. हसण्याची फी वेगळी असावी.

येताना गाडीत मी अण्णांना शहरातल्या वाहतुकीविषयी बरीच माहिती दिली.

४ सप्टेंबर, गुरुवार

हॉस्पिटलने आम्हाला एक बाई दिल्यात. ऑपरेशननंतर बोलायला शिकवतात त्या. मी त्यांना वाचाबाई म्हणतो, मनात.

वाचाबाई म्हणाल्या, "नंतर घशाला लावायचं यंत्र मिळेल, पण ते यंत्रासारखंच बोलतं. त्यापेक्षा रोजची वाक्यं आत्ताच त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून मोबाईलमध्ये घाला. बटण दाबलं की वाजतील." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही आवाजाच्याच धंद्यातले ना? मग काय, घरचंच कार्य."

घरचंच कार्य. लोकांच्या बोलण्यातले 'अं', 'म्हणजे' आणि खोकले कापणं हा माझा धंदा. जाहिराती, कंपन्यांची प्रशिक्षणं, साबणाच्या कारखान्याच्या मालकाची भाषणं. मालक तीन तास बोलले होते. मी त्यांना अकरा मिनिटांत शहाणं केलं.

बाईंनी साठ वाक्यांची छापील यादी दिली. घरी आल्यावर अण्णा चष्मा लावून, हातात पेन घेऊन बसले.

"'मला पाणी हवे आहे.' असं आपल्या सात पिढ्यांत कोण म्हणालंय? 'पाणी आण' लिही. 'कृपया खिडकी बंद करा.' कृपया! खिडकीला कसली कृपया?"

निम्मी वाक्यं त्यांनी बदलली, काही खोडली. एकतिसावं होतं, 'मला भीती वाटते.' त्यावर दोन रेघा मारल्या. "हा माल खपायचा नाही," म्हणाले. त्याऐवजी बाजारातली स्वतःची आठ-दहा वाक्यं भरली. 'आधी पैसे, मग पोतं.' 'तोंड बघून भाव सांगू का?' 'तू गप.' ऑपरेशननंतर 'तू गप' कोणाला म्हणणार, ते विचारायचं धाडस मी केलं नाही. घरात उमेदवार दोनच आहेत, आणि सूनबाई त्यांची लाडकी आहे.

६ सप्टेंबर, शनिवार

मागच्या खोलीत कामाला सुरुवात केली. तीन भिंतींवर जुनी ब्लँकेटं, पंखा बंद, दाराखाली टॉवेल. अण्णा आत आले आणि म्हणाले, "कोंबड्यांचं खुराडं बरं."

अण्णांना हळू बोलता येत नाही. आवाज बसलेला असूनही पडद्यावरची आवाज मोजणारी सुई लाल रेघ ओलांडून जाते. "मागे सरका," म्हटलं की म्हणतात, "ऐकू येणार नाही." समोर माइक आहे, त्याला ऐकू येतं, हे बेचाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी साडेदहापर्यंत आवाज बरा असतो. नंतर नुसती हवा.

नऊ वाक्यं झाली. 'पाणी आण' सहा वेळा घेतलं. सहाव्यांदा मी खरंच उठून पाणी आणलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

पन्नास झाली. मी खूष आहे. मध्ये एका गिऱ्हाइकाचा फोन आला म्हणून पंधरा मिनिटं बाहेर होतो, परत आलो तर अण्णा माइकसमोर हाताची घडी घालून बसले होते. "झालं का बोलून? इकडे दुकान उघडं टाकून गेलास," म्हणाले.

ज्या सॉफ्टवेअरवर हे सगळं करतो ते माझं नाही, भाड्याचं आहे. दर महिन्याला भाडं भरायचं. शिवाय ते रोज इंटरनेटवर जाऊन मालकाला विचारून येतं, हा माणूस अजून आपलाच ना? घरमालकाने रोज सकाळी येऊन भाडेकरूची उशी उचलून बघावी, तसा प्रकार. त्याआधी दहा वर्षं मी हेच सॉफ्टवेअर चोरीचं वापरलं. माझा मित्र जुगाड्या आणून द्यायचा. खोटं कशाला लिहू, दात बघतोय. दोन वर्षांपूर्वी बायकोने लाज काढली म्हणून साळसूद झालो.

११ सप्टेंबर, गुरुवार

कामाचं कॉम्प्युटर मशीन तापत होतं म्हणून काल पुढच्या खोलीतल्या जुन्या मशीनवर तेच खातं उघडलं. आज सकाळी पडद्यावर पाटी: 'आपल्या खात्यावर संशयास्पद वापर आढळला आहे. खाते थांबवण्यात आले आहे.'

सॉफ्टवेअर उघडत नाही. अण्णांची पन्नास वाक्यं त्याच्याच खास प्रकारच्या फाईलमध्ये आहेत, जी दुसरं कोणी उघडू शकत नाही. काम झालं की साध्या फाईलमध्येही आवाज काढून ठेवावा, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

दहा वर्षं चोरी केली, एकाने हटकलं नाही. दोन वर्षं इमानाने भाडं भरलं, तर संशयित.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

कंपनीच्या मदत केंद्राशी लेखी बोलणं झालं. तिकडे माणूस नव्हता, मधाळ यंत्र होतं.

मी: माझ्या वडिलांचा आवाज तुमच्या फाईलमध्ये अडकलाय. २४ तारखेला त्यांचं स्वरयंत्र काढणार आहेत.

यंत्र: हे ऐकून छान वाटले! आवाज मोठा-लहान करण्याविषयी मदत हवी आहे का?

तीन तासांनी एक खरा माणूस मिळाला. त्याने अतिशय सभ्य भाषेत सांगितलं की चौकशीला दहा ते पंधरा कामाचे दिवस लागतात. मी बोटांवर मोजलं. बोटं कमी पडली.

पुन्हा रेकॉर्ड का करत नाही? केलं. आज सकाळी केलं. बुधवारच्या तपासणीनंतर अण्णांचा आवाज आणखी उतरलाय. 'पाणी आण' मधला 'पाणी' उमटतच नाही. तिसऱ्या वेळी ते थांबले आणि म्हणाले, "जाऊ दे. परवाचा माल चांगला होता, तोच वापर." तो माल कोठारात आहे आणि कोठाराची चावी माझ्याकडे नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना कळलेलंही नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

त्यांना कळलेलं आहे. चहा पिताना म्हणाले, "कोणाकडे अडकलंय?"

सांगितलं.

"माझाच आवाज, तुझंच मशीन, पैसेही भरलेले. मग हा तिसरा कोण?"

मी त्यांना परवाना, करार आणि अटी समजावल्या. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे पोतं आपलं, आणि पोत्याच्या तोंडाची दोरी त्याची."

एवढं थोडक्यात सांगता आलं असतं तर कंपनीने चाळीस पानांच्या अटी कशाला लिहिल्या असत्या.

१४ सप्टेंबर, रविवार

जुगाड्याला बोलावलं. असं काहीच नाही की जे जुगाड्याला 'फोडता' येत नाही. लग्न सोडून. ते त्याला न फोडता फुटलं.

"अरे, एवढंच ना!" म्हणाला. खिशातून पेनड्राइव्ह काढला. "कुलूप उडवलेली आवृत्ती आहे. दोन मिनिटांत अण्णा बोलायला लागतील."

दोन मिनिटांत मशीनचा पंखा विमानासारखा घोंघावायला लागला. पाचव्या मिनिटाला पडद्यावर टक्कल घालवण्याच्या औषधांच्या जाहिराती आल्या. दहाव्या मिनिटाला माझ्या नावाने साबणाच्या कारखान्याच्या मालकांना पत्र गेलं की तुम्हाला सातासमुद्रापलीकडे वारसा मिळालाय. मालकांनी उत्तरही पाठवलं: 'कधी येऊ?'

जुगाड्या मान खाजवत होता. "फुकटचं आहे रे, तक्रार तरी कोणाकडे करणार?"

अण्णा दारात उभे राहून सगळं बघत होते. "बाजारात चोरीची टोपली घेतली ना," म्हणाले, "की आत काय आहे ते घरी गेल्यावरच कळतं."

फायलींची प्रत मी आधी बाजूला काढून ठेवली होती, एवढी अक्कल देवाने ठेवली. मशीन पूर्ण पुसून पुन्हा उभं करावं लागणार. दहा दिवस उरले. आज दातसुद्धा जरा छद्मी हसतोय.

१५ सप्टेंबर, सोमवार

बायकोने तिच्या लॅपटॉपवर काहीतरी शोधून आणलंय. एक बाई एकटीच आवाजाचं सॉफ्टवेअर बनवून विकते. तिच्या पानावर लिहिलंय: 'याला कुलूप नाही. नोंदणी नाही, खातं नाही, इंटरनेट लागत नाही. एकदा विकत घेतलं की तुमचं. घरातल्या सगळ्या मशीनवर टाका.'

मी पोट धरून हसलो. बऱ्याच दिवसांनी. म्हटलं, ही बाई एक तर भोळी आहे किंवा हिचा नवरा श्रीमंत आहे. कुलूप नसलेलं सॉफ्टवेअर म्हणजे रस्त्यावर ठेवलेली सायकल. संध्याकाळपर्यंत जुगाड्यासारखे शंभर जण त्यावर बसून गावभर फिरतील.

"मग तू का नाही फिरत?" बायको म्हणाली. "दहा वर्षं फिरलास की. निदान फोन कर तिला."

"फोन करून काय सांगू? बाई, तुमचं दार उघडं आहे?"

"सांगू नकोस, विचार. अडकलंय तुझं, तिचं नाही," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली. भांडी जरा जोरात घासली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

फोन केला. अण्णा शेजारी बसले म्हणून स्पीकरवर टाकला. पलीकडे कपडे धुण्याचं मशीन फिरत होतं.

"ग्राहक सेवा?" मी विचारलं.

"मीच. विक्री पण मीच. साहेबांकडे तक्रार करायची असेल तर तेही मीच."

"तुमच्याकडे कुलूप नाही म्हणता. कोणी नक्कल केली तर पकडता कसं?"

"पकडत नाही."

"मग धंदा चालतो कसा?"

"तुम्ही मला विचारत बसलायत तेवढ्यात एकाने विकत घेतलं बघा." मग जरा हसून म्हणाल्या, "मी आधी कुलूपच बनवायचे हो, एका मोठ्या कंपनीत. सहा महिने खपून बनवलेलं कुलूप चोर एका दुपारी तोडायचे. आणि पैसे भरलेली माणसं बाहेर उभी राहून मलाच फोन करायची, रडकुंडीला येऊन. चोराला कुलूप अडवत नाही, गिऱ्हाइकाला अडवतं. कंटाळले मग."

माझी रडकुंडीची गोष्ट मी शक्य तितक्या पुरुषी आवाजात सांगितली. त्यांनी धुण्याचं मशीन बंद केलं.

"त्या कंपनीची फाईल माझ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणार नाही," त्या म्हणाल्या. "पण माझ्याकडे एक छोटं हत्यार आहे. अशा फाईलमधून नुसता आवाज उपसून काढतं. वाक्यांची नावं, क्रम, तुम्ही केलेली काटछाट, काही येणार नाही. माइकने जे जे ऐकलं ते सगळं कच्चं येईल. चालेल?"

मी अटी विचारणार तेवढ्यात अण्णांनी फोन ओढून घेतला. त्यांच्या आवाजाची आता फक्त किनार उरलीय, पण बोलले.

"बाई, दोन्हीचे मिळून किती?"

त्यांनी किंमत सांगितली.

"एवढ्यात परवडतं? माल हलका आहे का?"

"नाही काका, माल चांगला आहे."

"मग भाव वाढवा. बेचाळीस वर्षं पुकारलंय मी, चांगला माल पडेल भावाने गेलेला मला बघवत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाला वरच्या दिशेने घासाघीस करताना बघितलं. बाई हसत होत्या. "किंमत ठरलेली आहे काका."

"बरं. आणि हा माझा मुलगा. दहा वर्षं चोरीचं वापरलंय त्याने. तेही धरा त्यात."

मी ब्लँकेटच्या भिंतीकडे बघत राहिलो. कोंबड्यांचं खुराडं आहे खरं, तोंड लपवायला जागा नाही.

"ते ज्यांचं चोरलं त्यांना द्या म्हणावं," बाई म्हणाल्या. "माझं काही चोरलेलं नाही त्यांनी. अजून."

फोन ठेवल्यावर अण्णांना विचारलं, एवढा विश्वास कसा ठेवतात ही माणसं. ते म्हणाले, "बाजारात तीन वेळा पुकारलं की सौदा झाला. कागद नाही, सही नाही. ज्याने शब्द फिरवला त्याच्या गाडीकडे दुसऱ्या दिवशी कोणी ढुंकून बघत नाही. यात नवीन काय आहे?" एवढं बोलून त्यांना दम लागला. दुपारभर मग खुणाच केल्या.

१८ सप्टेंबर, गुरुवार

हत्याराने काम केलं. चार तास अकरा मिनिटांचा आवाज बाहेर आला, एकाला एक लागून, नावगाव नसलेला. सॉफ्टवेअर उघडलं तेव्हा दोन मिनिटं मी वाट बघत बसलो की आता हे काय विचारणार. त्याने काहीच विचारलं नाही. सवय नसल्यामुळे अपमान झाल्यासारखं वाटलं.

सकाळपासून कानाला हेडफोन लावून एकेक वाक्य कापतोय. पन्नासच्या पन्नास सापडली.

९ तारखेच्या आवाजात एक वेगळाच तुकडा आहे. मी फोनवर बोलायला बाहेर गेलो होतो ती पंधरा मिनिटं. रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. आधी बराच वेळ खुर्चीची करकर. मग घसा खाकरणं. मग अण्णा हळू आवाजात म्हणतात, 'मला भीती वाटते.' थांबतात. पुन्हा म्हणतात. एकूण चार वेळा. त्यांना हळू बोलता येतं तर.

ते वाक्य त्यांनी यादीतून खोडलं होतं. बहुधा माइक चालतो की नाही ते बघत असणार. लोक माइक बघायला काहीही बोलतात. 'एक दोन तीन' म्हणतात, 'हॅलो हॅलो' म्हणतात.

सुई लाल रेघेच्या खूप खाली आहे. तांत्रिकदृष्ट्या चारही वेळचा आवाज उत्तम.

दुपारनंतर काम केलं नाही. डोळ्यांना ताण आला होता, पडद्यामुळे.

२१ सप्टेंबर, रविवार

तीन दिवस अण्णांबरोबर सकाळी फिरायला जातोय. बायकोने विचारलं, अचानक? म्हटलं, वजन वाढलंय. ती माझ्याकडे बघत राहिली. माझं वजन गेल्या महिन्यात पाच किलोने उतरलंय, आणि तो आकडा तिनेच तिच्या दवाखान्यातल्या काट्यावर वाचलाय.

आज अण्णा पुलावर थांबले. मी म्हटलं, "ऑपरेशन म्हटलं की कोणालाही जरा... म्हणजे मला पण, दाढ काढायची होती तेव्हा..." पुढे वाक्य सापडेना. दुसऱ्यांची वाक्यं मी छान जुळवतो.

अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुलाच्या टोकापर्यंत तसाच ठेवला. दम लागला असेल.

२४ सप्टेंबर, बुधवार

सकाळी सात वाजता अण्णांना आत नेलं. लोकांची शेवटची वाक्यं दगडावर कोरून ठेवतात म्हणे. आमच्याकडची नोंद अशी: ढकलगाडीवर झोपलेले, दार बंद होताना मान वळवून, माझ्याकडे बघून, "चपला नीट ठेव. नव्या आहेत."

सहा तास चपला मांडीवर घेऊन बसलो होतो. बायको म्हणाली पिशवीत ठेव. नाही ठेवल्या.

ऑपरेशन व्यवस्थित झालं.

१ ऑक्टोबर, बुधवार

गळ्याला भोक, नाकात नळी. अण्णा पाटीवर लिहितात. अक्षर डॉक्टरांपेक्षा चांगलं आहे, हे त्यांनी डॉक्टरांना लिहून दाखवलं.

आज मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. वाक्यांची बटणं मोठी केलीत. बराच वेळ नुसते बघत राहिले. मग एक बटण दाबलं. 'पाणी आण!' असा दणदणीत आवाज वॉर्डभर घुमला आणि शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठून बसला. परिचारिका धावत आली. नाकात नळी आहे, पाणी पिता येत नाही, हे अण्णांना ठाऊक होतं. त्यांना फक्त ऐकायचं होतं.

पाच वेळा दाबलं. पाचव्यांदा डोळे मिटून.

मी खिडकीकडे गेलो. खिडकी नीट बंद होते का ते बघायला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

घरी आणलं. कंपनीचं पत्र आलंय: 'आपली चौकशी यशस्वीरीत्या पूर्ण झाली असून आपण संशयित नाही. आपल्या निष्ठेबद्दल आभार. बंद काळातील भाडे लागू राहील.' मी खातं रद्द करायला गेलो तर रद्द करण्याची कारणं निवडायची होती. 'वडिलांचा आवाज' असा पर्याय नव्हता. 'इतर' निवडलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

जुगाड्या अण्णांना भेटायला संत्री घेऊन आला. अण्णांचे हालहवाल विचारून झाले, संत्र्यांतली तीन स्वतः खाऊन झाली, मग मला म्हणाला, "त्या बाईच्या सॉफ्टवेअरला कुलूपच नाही म्हणतोस? मग दे की पेनड्राइव्हवर."

माझा हात खणाकडे गेलाही होता. दहा वर्षांची सवय, हाताला विचारावं लागत नाही.

पलंगावरून आवाज आला, 'आधी पैसे, मग पोतं.'

आम्ही दोघांनी वळून बघितलं. अण्णा छताकडे बघत पडले होते, अंगठा मोबाईलवर.

"अण्णा, अहो मी घरचाच..." जुगाड्या म्हणाला.

'तोंड बघून भाव सांगू का?'

"पण तिला कळणार पण नाही..."

'तू गप.'

म्हणजे उमेदवार तिसराच निघाला. जुगाड्याने माझ्यासमोर बसून, माझ्याच मोबाईलवरून बाईंना फोन केला आणि विकत घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. जाताना जरा आजारी दिसत होता. पायऱ्या उतरताना म्हणाला, "पावती पाठवलीय तिने. पावतीचं काय करतात रे?"

२६ ऑक्टोबर, रविवार

गेला आठवडाभर बायको दुपारी लॅपटॉप घेऊन अण्णांच्या खोलीत बसते. काय करता विचारलं तर म्हणते, "सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर पण टाकलंय. चालतं ना, सगळ्या मशीनवर? शिकतेय." मी म्हटलं, हे काम कानाचं आहे, दहा वर्षं लागतात शिकायला. अण्णांनी पाटीवर लिहिलं: 'हिला कान आहेत.' तेवढंच.

आज साबणाच्या मालकांकडे गेलो होतो. वारशाचं पत्र खोटं होतं हे त्यांना समजावायला समोरासमोर बसावं लागलं. ते अजून नाराज आहेत. दोन वाजून गेले. बाहेर रस्त्यावर आलो आणि मोबाईल वाजला. घरचा नंबर. बायको असणार म्हणून, "आलो, आलो, निघतोय," असं सुरू केलं.

पलीकडून अण्णा बोलले.

"कुठे आहेस. जेवायला ये. मी थांबलोय."

हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर कधीच रेकॉर्ड केलेलं नाही. मी प्रत्येक फाईल ऐकलीय, मला माहीत आहे. 'कुठे आहे' हे 'चष्मा कुठे आहे' मधलं, शेवटचा 'स' दुसरीकडूनच आणून चिकटवलाय, शिट्टीसारखा वाजतो. 'जेवायला' हे 'जेवायला काय आहे' मधलं, थोडं रागातलं. 'ये' हे 'इकडे ये' मधून तोडलंय, त्याला 'डे'ची शेपटी तशीच राहिलीय. 'थांबलोय' दोन जागी जोडलंय आणि दोन्ही जोड ऐकू येतात. खोलीचा घुमाराही प्रत्येक शब्दामागे वेगळा. लॅपटॉपसमोर फोन धरून वाजवलेलं, म्हणजे वरून खरखर. कुठल्याही गिऱ्हाइकाने हे काम माझ्याकडून घेतलं नसतं.

पलीकडे बायको हळूच म्हणाली, "ऐकू आलं का? अण्णा विचारतायत."

म्हटलं, इथे गाड्यांचा आवाज फार आहे, पुन्हा लाव.

रस्त्यावर रविवारची दुपार होती. एकही गाडी नव्हती. तिने पुन्हा लावलं.